पार्श्वभूमी : सर्वोत्तम गोलच्या पुरस्काराला पुश्काश यांचे नाव का?

वर्षभरातील सर्वांत देखण्या गोलसाठी फुटबॉलची जागतिक संघटना ‘फिफा’ २००९पासून जो पुरस्कार देते, तो फेरेन्त्स पुश्काश यांच्या नावाने ओळखला जातो. हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल करणाऱ्या या डावखुऱ्या आघाडीपटूचे नाव गोलच्या पुरस्काराला मिळावे, हे योग्यच झाले. मात्र त्यांची कारकीर्द १९५६च्या राजकीय उलथापालथीने मधोमध तोडली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय या आकड्यांचे मोल पुरते कळत नाही.

पुश्काश यांचा जन्म १ एप्रिल १९२७ रोजी बुडापेस्टमध्ये झाला आणि बालपण शहरालगतच्या किशपेश्ट येथे गेले. वडील तेथील क्लबचे खेळाडू व पुढे प्रशिक्षक, तर शेजारच्या घरातला योझेफ बोझिक हा जिवलग सवंगडी. हे दोघे बरोबरच क्लबमध्ये आणि पुढे राष्ट्रीय संघातही खेळले. १९४९मध्ये कम्युनिस्ट राजवटीने हा क्लब लष्कराच्या ताब्यात दिला, त्याचे नाव ‘होनवेद’ झाले आणि खेळाडूंना लष्करी हुद्दे मिळाले. पुश्काश यांना ‘मेजर’ म्हणत, ते यामुळेच.

प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांच्या हाताखाली घडलेल्या हंगेरीच्या राष्ट्रीय संघाने १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक पटकावले. त्यानंतर २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंडचा ६-३ असा पराभव झाला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंड मायदेशात वेम्बलीवर त्यापूर्वी कधीच हरले नव्हते. त्या सामन्यातला पुश्काश यांचा पहिला गोल आजही चित्रफितीवर पाहता येतो. गोलजवळ उजव्या बाजूला चेंडू त्यांच्या पायाशी असताना इंग्लंडचा कर्णधार बिली राइट वेगाने घसरत अंगावर येतो. पुश्काश डाव्या तळपायाने चेंडू अलगद मागे ओढतात, राइट रिकाम्या जागेतून पुढे निघून जातो आणि त्याच डाव्या पायाचा जोरकस फटका जाळ्यात शिरतो. सारे काही क्षणार्धात घडते, आणि कितीही वेळा पाहिले तरी त्यातली सहजता थक्क करते.

१९५४च्या विश्वचषकात याच संघाने गटसाखळीत पश्चिम जर्मनीला ८-३ असे हरवले. पण त्या सामन्यात पुश्काश यांचा घोटा दुखावला. बर्नच्या अंतिम सामन्यात तेच प्रतिस्पर्धी समोर आले, तेव्हा पूर्ण बरे न होताही ते उतरले आणि सहाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. आठव्या मिनिटाला आघाडी २-० झाली. तरीही हंगेरी २-३ अशी हरली. अखेरच्या मिनिटांत पुश्काश यांनी चेंडू जाळ्यात धाडला होता, पण तो गोल ऑफसाइड ठरला.

१९५६मध्ये हंगेरीतील उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, तेव्हा होनवेदचा संघ युरोपातील क्लबांच्या युरोपियन कप स्पर्धेच्या निमित्ताने देशाबाहेर होता. बोझिक पुढे मायदेशी परतले, पुश्काश परतले नाहीत. त्यांच्यावर बंदी आली आणि ऐन बहराचा जवळजवळ दोन वर्षांचा काळ स्पर्धात्मक खेळाविना गेला.

१९५८मध्ये रेआल माद्रिदने त्यांना करारबद्ध केले, तेव्हा वय ३१ होते आणि वजन बरेच वाढलेले होते. एवढ्या उशिरा, परक्या देशात त्यांनी चार वेळा स्पॅनिश लीगमधील सर्वाधिक गोल केले, ही कामगिरी मला वेम्बलीच्या विजयाहूनही मोठी वाटते. १९६०च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात, ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर, रेआलने आइनट्राख्ट फ्रँकफुर्टला ७-३ असे नमवले, त्यांतले चार गोल पुश्काश यांचे आणि तीन आल्फ्रेदो दी स्तेफानो यांचे होते. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी ग्रीसच्या पानाथिनाइकोसला १९७१मध्ये याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत नेले, आणि तो सामनाही वेम्बलीवरच झाला.

१९८१मध्ये पुश्काश यांनी पुन्हा हंगेरीच्या भूमीवर पाऊल ठेवले, तेव्हा बोझिक हयात नव्हते. त्यांचे १९७८मध्ये निधन झाले होते. ज्या देशाने कधीकाळी पुश्काश यांना दूर लोटले, त्यानेच २००२मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय स्टेडियमला त्यांचे नाव दिले. १७ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचे निधन झाल्यावर शहरातील सेंट स्टीफन बॅसिलिकामध्ये त्यांचे दफन करण्यात आले.