टेलिस्कोपिक फोर्क व त्याची पुनर्जोडणी

टेलिस्कोपिक फोर्क : मोटारसायकलचे पुढचे चाक पेलणारी, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या दोन पायांची निलंबनयोजना. प्रत्येक पायात बहुधा स्प्रिंग, अवमंदनाची (उसळी शमवण्याची) यंत्रणा व तेल बंदिस्त असते. हे भाग उघडून, झिजलेले बदलून, नव्या तेलासह पुन्हा बसवणे म्हणजे पुनर्जोडणी. गॅरेजमध्ये याला ‘शॉकअप खोलणे’ म्हणतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांवर सामान व सहप्रवासी यांचे ओझे असते आणि त्या सलग चालतात, त्यामुळे हे काम त्यांत लवकर निघते.

उगम : पहिला टेलिस्कोपिक फोर्क कोणाचा, याबाबत एकमत नाही. ब्रिटिश लेखक बहुधा आल्फ्रेड अँगस स्कॉट यांचे नाव घेतात. त्यांच्या १९०८ च्या सुमाराच्या टू-स्ट्रोक गाडीचा पुढचा भाग नळ्यांत सरकत असे, हे खरे. पण स्प्रिंग मध्यभागी होती आणि उसळी शमवण्यासाठी तेलाची सोय नव्हती. डेन्मार्कच्या फिस्कर अँड निल्सन या कंपनीने १९३४ मध्ये आणलेल्या निंबस गाडीचा दावा अधिक भक्कम आहे. तिला आजच्यासारखे दोन पाय होते आणि तिचे कारखान्यातून नियमित उत्पादन झाले. मात्र तेलाचे अवमंदन तिलाही सुरुवातीस नव्हते. ते साधारण १९३९ मध्ये आले. दरम्यान १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर १२ व आर १७ या गाड्या द्रवीय अवमंदन असलेला फोर्क घेऊन बाजारात उतरल्या होत्या.

नळीत नळी सरकणे एवढाच निकष धरला, तर मान स्कॉट किंवा निंबसकडे जातो. तेलाने होणारे अवमंदन हा निकष धरला, तर बीएमडब्ल्यूकडे. आजच्या फोर्कचे बहुतेक गुणदोष तेलाशी निगडित आहेत आणि तो पुनःपुन्हा उघडावा लागतो तोही तेलापायीच. त्यामुळे दुसरा निकष अधिक सयुक्तिक वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात मॅचलेस जी ३/एल (१९४१) या लष्करी गाडीस ‘टेलिड्रॉलिक’ फोर्क मिळाला. त्यामागे जर्मन नमुना होता, असे सामान्यतः मानले जाते. हार्ले-डेव्हिडसनने १९४९ मध्ये ‘हायड्रा-ग्लाइड’ आणली. त्यानंतर दांड्या व सांध्यांचा गर्डर फोर्क झपाट्याने मागे पडला. गंमत अशी की खुद्द बीएमडब्ल्यूने १९५५ ते १९६९ या काळात आपल्या मोठ्या गाड्यांना टेलिस्कोपिक फोर्कऐवजी अर्ल्स फोर्क (चाक आडव्या, मागे खिळलेल्या दांड्यांवर डोलणारा) लावला, कारण तो ब्रेक लावताच खाली बसत नसे आणि साइडकारला सोयीचा होता. १९६९ च्या ‘/५’ मालिकेत कंपनी पुन्हा लांब चालीच्या, म्हणजे अधिक अंतर सरकणाऱ्या, टेलिस्कोपिक फोर्ककडे वळली, आणि १९९३ च्या आर ११०० आरएसमध्ये तिने ‘टेलिलिव्हर’ आणून नळ्या तेवढ्या ठेवल्या, स्प्रिंग व अवमंदक बाहेर काढले. टेलिलिव्हरच्या नळ्यांतील तेल केवळ वंगणाचे काम करते. पुढील विवेचन त्याला लागू नाही.

रचना : नेहमीच्या फोर्कमध्ये क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी आतील नळी वर टी-स्टेममध्ये (दोन्ही पाय धरून हँडलबरोबर वळणाऱ्या भागात) आवळलेली असते आणि ॲल्युमिनियमची बाहेरील नळी चाकासह तिच्यावर सरकते. आत छिद्रे पाडलेला अवमंदक दांडा असतो. तो तळाच्या ॲलन बोल्टने बाहेरील नळीस धरलेला असतो. तेल छिद्रांतून जाताना होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून असा फोर्क ब्रेक लावताना, म्हणजे मंद हालचालीत, ढिला पडतो आणि खड्ड्याच्या कडेवर, म्हणजे वेगवान हालचालीत, लाकडासारखा ताठ होतो. पात्यांच्या झडपा असलेली कार्ट्रिज रचना या दोषावर उतारा म्हणून आली. १९८० च्या दशकातील ब्रेकशी जोडलेल्या, फोर्क खाली बसू न देणाऱ्या ‘अँटी-डाइव्ह’ झडपा मात्र फार काळ टिकल्या नाहीत.

दुसरी स्प्रिंग हवेची. तेलाच्या वर कोंडलेली हवा दाबली जाते आणि चालीच्या शेवटी फोर्क कडक होत जातो. ४१ मिमी व्यासाची नळी १० मिमी आत गेली, की सुमारे १३ घ. सेंमी. जागा कमी होते. म्हणूनच तेलाची पातळी थोडी वर-खाली झाली, तरी स्प्रिंग न बदलता फोर्कचा स्वभाव बदलतो.

पुनर्जोडणी : तेल गळू लागले की सील (नळ्यांमधून तेल अडवणारी रबरी कडी) बदलण्यासाठी फोर्क उघडतात. ही सवय अपुरी आहे, कारण सील फाटणे हा पुष्कळदा परिणाम असतो. आतील नळीवर मोहरीहून लहान गंजाचा खड्डा पडला, तरी त्याची धार सीलचा ओठ प्रत्येक खेपेस खरवडते व नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागते. हे खड्डे डोळ्यांपेक्षा नखाला आधी कळतात. उथळ असतील तर घासून भागते. खोल असतील तर नळीला पुन्हा हार्ड क्रोम करावा लागतो किंवा ती बदलावी लागते. नळी वाकली आहे का, हे व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या आधारांवर) फिरवून डायल गेज या सूक्ष्म मापकाने पाहतात. पुष्कळ जपानी पुस्तिकांत ०.२ मिमी ही मर्यादा आढळते. बुशांवरील (दोन नळ्यांमधील सरकत्या कड्यांवरील) टेफ्लॉन उडून तीन-चतुर्थांशाहून अधिक भागात तांबूस धातू दिसू लागला, की बुश बदलावेत, असे होंडाच्या पुस्तिका सांगतात.

उघडताना वरचे झाकण स्प्रिंगच्या दाबाने उडू शकते. १९८० च्या होंडा जीएल ११०० सारख्या हवा भरण्याच्या फोर्कमधून आधी हवा सोडावी लागते. तळाचा बोल्ट फिरवला तर अवमंदक दांडाही त्याच्याबरोबर गरगर फिरतो. म्हणून अनुभवी कारागीर स्प्रिंग आत असतानाच, फोर्क दाबून धरून, तो बोल्ट आधी ढिला करून ठेवतात. लॉक रिंग काढली, की बाहेरील नळी झटक्याने ओढून सील व बुश एकत्र बाहेर येतात. नवे सील चढवताना नळीच्या टोकावर तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी धरतात, नाही तर नळीवरील बुशच्या खाचेची कड सीलचा ओठ कापते. तळाच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर नवे घालावे.

तेल मापाने ओतण्यापेक्षा पातळीने भरणे चांगले. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, दांडा काही वेळा वर-खाली करून बुडबुडे काढलेले, अशा स्थितीत नळीच्या काठापासून तेलापर्यंतचे अंतर दोन्ही पायांत सारखे ठेवतात. डब्यावरच्या ‘१० डब्ल्यू’ या आकड्यावर विसंबणे मात्र धोक्याचे. तो एंजिनाच्या तेलांच्या प्रतवारीतून आलेला आहे. फोर्कच्या तेलात त्याच आकड्याखाली ४०° से. तापमानास सुमारे ३० पासून ४५ सेंटिस्टोकपर्यंत श्यानता (दाटपणा) आढळते. तेलाची तुलना सेंटिस्टोकमध्येच करावी. स्प्रिंग निवडताना स्वाराचे आणि नेहमीच्या सामानाचे वजन धरून, एकूण चालीच्या चौथा ते तिसरा हिस्सा फोर्क बसलेला असावा, असा संकेत आहे.

नळ्यांची समांतरता : सर्व भाग नवे घालूनही फोर्क अडखळत असेल, तर दोष बहुधा इथे असतो. जुन्या बीएमडब्ल्यू बॉक्सर (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या) गाड्यांच्या जाणकारांनी यावर फार भर दिला आहे आणि तो योग्य वाटतो. दोन्ही नळ्यांवर जाड सपाट काच आडवी टेकवतात. ती डुलली तर नळ्या एका प्रतलात नाहीत. त्या गाड्यांची नळ्या जोडणारी वरची पट्टी पातळ पत्र्याची असल्याने हा दोष त्यांत सहज येतो. इतर गाड्यांत चाकाचा आस आवळण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो: आसाची चापणी ढिली ठेवून, पुढचा ब्रेक धरून, फोर्क काही वेळा दाबायचा आणि मगच चापणी आवळायची. पुष्कळ ठिकाणी हे होत नाही आणि खापर तेलावर फुटते.

भारतातील आढळ : १९५५ मध्ये मद्रास येथे जुळणी सुरू झालेल्या एनफील्ड बुलेटमुळे हा फोर्क येथील कारागिरांच्या हाती रुळला. जुन्या बुलेटच्या नळ्या हेडलाइटच्या ॲल्युमिनियमच्या घरात आट्यांनी बसतात. त्या उपटण्याच्या नादात आटे खराब झालेली घरे नेहमी दिसतात. महाराष्ट्रात वाळूज येथील एन्ड्युरन्स आणि पुणे परिसरातील गॅब्रिएल या कंपन्या दुचाकींचे फोर्क बनवतात. २०१६ च्या मूळ रॉयल एनफील्ड हिमालयनला ४१ मिमी नळ्यांचा व २०० मिमी चालीचा फोर्क होता. लडाखच्या फेरीनंतर अशा गाड्यांचे डस्ट सील उचलून आतली बारीक धूळ पुसली, तर ऑइल सील बराच काळ टिकते. चाकण येथे बनणाऱ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरचा ४३ मिमी फोर्क उलटा आहे, म्हणजे जाड नळी वर व क्रोमची नळी खाली. त्यात सील तेलाच्या तळाकडे येत असल्याने गळती लागली, की पाय लवकर रिकामा होतो आणि ओघळ थेट ब्रेकच्या कॅलिपरवर उतरतो.