हाताला काय पाठ असतं, रेघ की सांधे?

पाडव्याच्या आदल्या रात्री नौपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी रांगोळी चालू असते तेव्हा शेजारच्या काकूंचा हात बघायचा. एका बाजूने बसून अर्धं कमळ काढतात, मग तिथे रंगाचे डबे येतात म्हणून पलीकडून येऊन उरलेलं अर्धं, खांदा वेगळा वळलेला, कोपर वेगळं, पण पाकळी तीच. मग हाताने पाठ काय केलंय, जमिनीवरची रेघ की सांधे कसे वळवायचे ते?

यालाच कोऑर्डिनेट सिस्टिमचा प्रश्न म्हणतात. पत्त्यासारखं आहे, कोणी "तलावपाळीच्या समोर" सांगतं, कोणी "तू उभायस तिथून डावीकडे". दुसरा पत्ता माणूस वळला की बोंबलला. हाताच्या बाबतीत जमिनीवरची रेघ म्हणजे बाहेरचा पत्ता, सांधे म्हणजे आपल्या शरीरातला.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६०च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की प्रिझममधून (समोरचं दृश्य बाजूला सरकवणारी काच) बघत बोट टेकवायला गेलं की आधी नेम चुकतो, थोड्या वेळात जमतो आणि प्रिझम काढला की उलट्या बाजूला चुकतो. म्हणजे हात शिकतो हे नक्की, पण कुठल्या हिशोबात ते कळत नव्हतं. पुढे १९७७ला मार्क रेबर्टने एकच वाक्य उजव्या हाताने, मनगट बांधून, डाव्या हाताने, दातात पेन धरून आणि पायाला पेन बांधून लिहिलं, अक्षराचं वळण तरी ओळखू येतं (हाच माणूस नंतर बोस्टन डायनॅमिक्स या रोबो कंपनीवाला). १९८१ला मोरासोने दाखवलं की पंजा जवळपास सरळ रेषेत जातो, सांध्यांचे कोन मात्र भलतेच गुंतागुंतीचे बदलतात. एकूण पारडं बाहेरच्या पत्त्याकडे झुकलेलं.

मग १९९४ला एमआयटीत शादमेहर आणि मुसा-इवाल्डीने सगळं उलटवलं, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच. माणसाने रोबोच्या दांड्याला धरून हात हलवायचा, रोबो हाताच्या वेगाप्रमाणे धक्का देणार, आधी रेघ वाकडी जाते, शेकडो वेळा केल्यावर सरळ होते आणि धक्का अचानक बंद केला की उलट्या बाजूला वाकते. हे सगळं उजवीकडे शिकवलं आणि तपासलं डावीकडे, जिथे खांदा-कोपराचे कोन वेगळे. शिकलेलं तिथेही आलं, पण बाहेरच्या दिशेच्या हिशोबाने नाही, सांध्यांच्या हिशोबाने.

भांडण मिटलं म्हणाल तर नाही. २०००ला क्रॅकॉअर आणि मंडळींनी धक्का न देता नुसता हात कुठे आहे ते स्क्रीनवर दाखवणारा कर्सर ३० अंशांनी फिरवला (ऐरोलीच्या ऑफिसात माऊस तिरका धरून बघा, तसंच काहीसं), तर शिकलेलं बाहेरच्या दिशेला चिकटलं, तेही शिकवलेल्या दिशेच्या आसपासच. म्हणजे तुम्ही हाताला त्रास कसा देता त्यावर उत्तर बदलतं! आणि त्याच्या आदल्याच वर्षी काकेई, हॉफमन आणि स्ट्रिकना माकडाच्या मोटर कॉर्टेक्समध्ये (मेंदूचा हालचाली चालवणारा भाग) दोन्ही जातीच्या पेशी सापडल्या होत्या, काही स्नायूंप्रमाणे वागणाऱ्या आणि काही मनगट कसंही फिरवा, बाहेरची दिशाच धरून बसणाऱ्या.

२०१२ला ब्रायानोव, प्रेस आणि स्मिथने म्हटलं की आठवण दोन्ही पत्त्यांच्या मिश्रणातच साठते, नवी हालचाल दोन्ही हिशोबांत जुनीच्या जवळ असेल तरच शिकलेलं चांगलं उतरतं. दोन वर्षांनी बर्नीकर, वोल्पर्ट वगैरेंनीही सांगितलं की अख्ख्या हाताला एकच पत्ता लावून भागत नाही.

स्ट्रोकनंतर हात पुन्हा हलवायला शिकवणारे रोबो ९०च्या दशकात एमआयटीतूनच पुढे आले, आणि तिथे हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही, कारण टेबलावर पुढे-मागे घोटलेली हालचाल घरी फळीवरचा डबा काढताना हवी असते आणि तेव्हा कोपर भलत्याच कोनात असतं.