पंपाची सवय लागत नसते, बरं का
आमच्या परभणीकडं कुणाला दम्याचा पंप लिहून दिला की घरचेच आधी म्हणतेत, नको बाबा, एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी. सगळं उलटं आहे हे. सालब्युटामॉल या श्वासनळी मोकळी करणाऱ्या औषधाची गोळी 2 नाहीतर 4 मिलिग्रॅमची, अन् पंपाचा एक दाब 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे मोठ्या गोळीचा चाळिसावा हिस्सा, कारण पंपाचं औषध थेट श्वासनळीत जातं, गोळी मात्र रक्तातून अंगभर फिरते, म्हणून तर हात थरथरतेत, छाती धडधडते. पंप वर्षानुवर्षं लागतो कारण दमाच जुनाट आहे, बीपीच्या गोळीला कुणी व्यसन म्हणतं का?

खरी गोची वेगळीच. लोक नुसता तात्पुरता आराम देणारा पंप ओढायलेत अन् सूज कमी करणारा स्टेरॉईडचा पंप बरं वाटलं की मनानंच बंद करतेत, मग तुरीच्या खळ्यावर भुसा उडाला किंवा चुलीत पऱ्हाट्या पेटल्या की रात्री छातीत परत सुंई-सुंई. आरामाचा पंप वरचेवर लागायला लागला तर दमा आटोक्यात नाही एवढाच अर्थ, लगेच डॉक्टरला दाखवा. अन् स्टेरॉईडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते.