बॅलस्टर म्हणजे छोटा खांब नव्हे

मुंबईच्या फोर्टातल्या दगडी इमारतींचे फोटो टाकणाऱ्या मंडळींनी अलीकडे दोन शब्द उचललेत: बॅलस्टर आणि कॉलोनेट. उचलले ते चांगलंच झालं. पण खिडकीच्या कडेला उभ्या असलेल्या सडपातळ खांबाखाली ‘सुंदर बॅलस्टर’ आणि गच्चीच्या कठड्यातल्या पोटफुगीर दगडाखाली ‘नाजूक कॉलोनेट’ असं लिहिलेलं दिसलं, की माझं डोकं फिरतं. हटकलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘दोन्ही शोभेचे छोटे खांबच ना?’ कॉलोनेट आहे. बॅलस्टर नाही.

कॉलोनेटवर फार शाई खर्च करायची गरज नाही, कारण खांब तुम्हाला माहीतच आहे. खाली बैठक, मध्ये दांडा, वर शीर्ष. तोच बारीक केला की कॉलोनेट. फ्रेंचमध्ये ‘कॉलोन’ म्हणजे खांब, त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लावला, झालं नाव तयार. नमुने बघायचे तर १८७८ साली पुऱ्या झालेल्या राजाबाई टॉवरला लागून असलेलं विद्यापीठाचं ग्रंथालय बघा, शेजारचं हायकोर्ट बघा, सीएसएमटीच्या खिडक्या बघा. फक्त ‘शोभेचा’ हा शब्द सरसकट वापरू नका. जोडखिडकीच्या मधोमध उभा असलेला कॉलोनेट दोन कमानींचा भार खरोखर पेलतो. दाराच्या कडेला खाचेत उभा केलेला मात्र बहुतेक वेळा नुसता मिरवतो. दोघेही कॉलोनेटच.

पिलास्टर वेगळा कसा, असंही विचारतात. भिंतीतून जरासा पुढे आलेला चपटा खांब. त्यात गोंधळण्यासारखं काहीच नाही.

गोची आहे ती बॅलस्टरची. लोक तो ओळखायला दोन कसोट्या लावतात आणि दोन्ही फसव्या निघतात.

पहिली कसोटी जागेची: कठड्यात उभा तो बॅलस्टर. व्हेनिसच्या जुन्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या वाड्यांच्या बाल्कन्या पाहिल्या तर कठड्यात चक्क छोटे खांब रांगेने उभे दिसतात, सरळ दांड्याचे, बैठक आणि शीर्ष असलेले. म्हणजे कॉलोनेट. आपल्या फोर्टातल्या कितीतरी इमारती त्याच व्हेनिसच्या वळणावर गेलेल्या आहेत, तेव्हा तिथे कठडा दिसला रे दिसला की बॅलस्टर म्हणून मोकळं होऊ नये. कठड्यातला बॅलस्टर रुळला तो १५व्या शतकाच्या अखेरीस, इटलीत. ग्रीक-रोमन देवळांना असा कठडा नसायचा. म्हणून सिमेंटच्या तयार मालाच्या जाहिरातीत ‘रोमन बॅलस्टर’ वाचलं की मला हसू येतं.

दुसरी कसोटी आकारमानाची: छोटा असला तरच बॅलस्टर. ही तर आपल्याकडच्याच वास्तूंनी खोटी पाडली आहे. शाहजहानच्या काळापर्यंत युरोपातून आलेली मुद्रित चित्रं मोगल दरबारात पोचली होती. त्यांतला बॅलस्टरचा आकार तिथल्या कारागिरांनी उचलला आणि थेट बादशहाच्या बैठकीचा खांब केला. दिल्लीच्या लाल किल्ल्यात, दिवाण-ए-आममधल्या संगमरवरी सिंहासनाच्या छत्रीला असेच खांब आहेत: बुडाशी पानांच्या वेढ्यातून वर येणारा, फुगून मग निमुळता होणारा दांडा. मोगल लेखकांनी त्याला नाव दिलं ‘सर्व-अंदाम’, म्हणजे सुरूच्या बांध्याचा (हा सुरू म्हणजे सायप्रस, आपल्या किनाऱ्यावरचा नव्हे). तोच सुरू पेशवाईतल्या वाड्यांच्या लाकडात उतरला. सुरूदार खांब आपण सगळ्यांनी पाहिलेत, पण तो बॅलस्टरच्या गोतातला आहे हे सहसा कुणी सांगत नाही. चांगला पुरुषभर उंचीचा, डोक्यावर तुळई घेतलेला, आणि तरी घडणीने बॅलस्टरच.

मग ओळखायचं कशावरून? बाहेरच्या रेषेवरून. साध्या खांबाचा दांडा खालपासून वरपर्यंत सरळ जातो, फार तर वर किंचित बारीक होतो. बॅलस्टरची जाडी सतत बदलते. पोट, मान, कडं, पुन्हा पोट. ते पोट कधी खालीच असतं, कधी वर-खाली दोन असतात, पण असतंच. दांड्यावरून बोट फिरवत खालून वर गेलात आणि बोट कुठेच बाहेर ढकललं गेलं नाही, तर समोर कॉलोनेट आहे.

नावही त्या पोटावरूनच पडलंय. ग्रीकमध्ये ‘बलाउस्तिओन’ म्हणजे रानडाळिंबाचं फूल. पहिल्या शतकातल्या दिओस्कोरिदेस या वैद्याने ते औषधांत नोंदवलंय, आपले युनानी हकीम त्यालाच गुलनार म्हणतात. ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून इटालियन ‘बलाउस्त्रो’ आणि तिथून पुढे बॅलस्टर. हे सांगितलं की लोक लगेच डाळिंबाचं फळ डोळ्यांपुढे आणतात आणि म्हणतात, ‘हो हो, गोल असतं ना.’ फळ नाही हो, फूल! आणि फुलांतही फरक आहे, तो सोलापूर-नाशिककडच्या बागाईतदारांना विचारा. नर फूल घंटेसारखं, देठाकडे निमुळतं, ते गळून पडतं. फळ धरणारं फूल बुडाशी फुगीर असतं, वर किंचित आवळलेलं आणि तोंडाशी पुन्हा फाकलेलं. हे दुसरं फूल एकदा नीट पाहिलंत तर कठड्यातल्या त्या आकाराची चूक पुन्हा होणार नाही.

आणखी एक नातं लोक परस्पर जुळवून टाकतात. बाल्कनी आणि बॅलस्टर एकाच कुळातले नाहीत. बाल्कनीचं मूळ तुळई या अर्थाच्या जर्मानिक शब्दात आहे, फुलाबिलाशी तिचा संबंध नाही. बॅनिस्टर मात्र बॅलस्टरचाच इंग्रजांच्या तोंडी झालेला अपभ्रंश.

आता माझी खरी चिडचीड. लाकडाचा बॅलस्टर लेथवर फिरवून काढतात, म्हणून ती पोटं नि कडी त्याला शोभतात. कातीव कामाची ती सहज चाल आहे. गिरगावातल्या जुन्या जिन्यांचे गरादे, म्हणजे कठड्याचे उभे लाकडी गज, असेच काढलेले. सिमेंटचा बॅलस्टर दोन भागांच्या साच्यात ओततात, मधोमध एक सळई घालून. अंगावर उभी शिवण राहते ती राहतेच. त्यात सळईवर सर्वांत पातळ थर असतो तो मानेपाशी. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत सळई गंजते, फुगते आणि पहिली तडही तिथेच जाते. शिवाय दुरुस्तीत एक मोडला की दुसऱ्याच साच्यातला आणून बसवतात आणि सगळ्या रांगेची पोटं वर-खाली होतात.

सोसायटीचा जुना लाकडी जिना दुरुस्तीला निघाला असेल तर एक धड गरादा जपून ठेवा आणि कातारी, म्हणजे लेथवर लाकूड कातणारा कारागीर, शोधून त्याच मापाचे करून घ्या. कातारी मिळाला नाही तर सरळ चौकोनी लाकडी गज लावा. पण सिमेंटची पोटं नकोत.