कच्चा म्हणतात तो काजू

म्हापशाच्या बाजारात ‘कच्चे काजू’ म्हणून जे पांढरे गर मिळतात, ते कच्चे जवळपास कधीच नसतात. माझी भाची सध्या वीगन आहे, वर शिजवलेलंही खात नाही; ४८ अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की तिच्या लेखी ते शिजलं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती काजूचं लोणी करायला मिक्सरच लावत होती.

सगळा घोळ टरफलाचा. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि जाळीत काळपट, जहाल तेल. त्यातलं ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल कातडीला लागलं की फोड येतात. म्हणून कारखान्यात बिया आधी वाफवतात किंवा भाजतात, मग फोडतात. गर बाहेर येतो तो चांगली वाफ खाऊनच. खरोखरचा कच्चा गर म्हणजे आपले बिबे. हिरव्या बिया आदोळीवर, म्हणजे विळीवर, चिरून ते काढणाऱ्या बायकांची बोटं पाहिलीत, तर पुढच्या वेळी भावात घासाघीस करणार नाही. घाटावर बिब्बा म्हणतात ते झाड वेगळं, पण कूळ एकच. आंबाही त्यातलाच, तोराच्या, म्हणजे कोवळ्या कैरीच्या, देठाचा चीक ओठाला लागून उततं, ते उगाच नाही.

भाचीने नाक मुरडलं आणि काजू वाटायला घेतले.

काजूत शेकडा ४५ च्या आसपास तेल असतं. कोरडे फिरवले की आधी पीठ होतं, मग गोळा, मग भांड्याच्या कडा खरवडत राहिलं तर एकाएकी तो सैल पडून ओघळायला लागतो. पेशी फुटून तेल सुटलेलं असतं आणि प्रथिनांचे, पिष्टाचे कण त्यात तरंगत असतात. पाणी नावालाच, त्यामुळे जंतूंचं काही चालत नाही.

इथे मी शहाणपणा केला. चव बघायला ओला चमचा घातला आणि ढवळलं, तर लोण्याचा चिखलगोळा! तेवढंसं पाणी कणांना एकमेकांना चिकटवतं, साखरेत थेंब पडून खडे धरतात तसं. वैतागून अर्धी वाटी पाणी ओतलं, तर फिरवता फिरवता पांढरीशुभ्र मलई. आता बाजू पालटली होती: पाण्यात तेलाचे बारीक थेंब आणि प्रत्येकावर प्रथिनांचं अस्तर. नारळाचा रस म्हणजे हेच. सोलकढी ठेवून दिली की वर दाट थर येतो, कारण कोकमाच्या आगळाच्या आंबटपणाने या अस्तरावरचा विद्युतभार कमी होतो आणि थेंब एकमेकांना दूर ढकलेनासे होतात. ढवळून प्यायची, बिघडलेलं काही नसतं.

मलई मात्र टिकत नाही. लिंबू पिळून फ्रीजमध्ये ठेवली तरी दोन-तीन दिवसांत संपवावी. सोबत अळशीच्या चकत्या हव्या असतील तर त्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर वाळतात. जुलैत वाळवायला ठेवल्या तर बुरशीच लागेल.

विस्तवाशिवाय टिकवायचं तर आईची खारातली तोरं पाहावीत. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, दिवसांत बरणीत तोरं आणि खडे मीठ थराथराने भरायचं, वर धुतलेला दगड. चार दिवसांत तोरांचंच पाणी सुटतं. बाहेर मीठ जास्त, आत कमी, म्हणून पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तोर सुरकुततं. १०० ग्रॅम खारात २६ ग्रॅमपर्यंत मीठ मावतं. इतक्या खारट पाण्यात बहुतेक जंतूंना आपल्यापुरतंही पाणी मिळत नाही. दगड वजनासाठी, कारण खाराच्या वर डोकं काढणाऱ्या तोरालाच बुरशी धरते. ख्रिस्ती शेजारी या दाबलेल्या तोरांना चेपणी म्हणतात.

त्यातली दोन तोरं आईने भाचीला काढून दिली. कोय टाकून, एक हिरवी मिरची घालून तिने ती मलईबरोबर वाटली आणि काकडीच्या कापांवर लावली. वरून मीठ लागलं नाही.