रोटरी की रेडियल? जुन्या विमान-इंजिनाच्या तुकड्याची ओळख

भंगारात किंवा एखाद्या बंद कारखान्याच्या अडगळीत थंड राहण्यासाठी बाहेरून पातळ पत्र्यांसारख्या पंखांचे थर असलेला जुना सिलिंडर सापडतो, तो विमानाचा आहे हेही कळते, पण तो ‘रोटरी’ इंजिनाचा की ‘रेडियल’ इंजिनाचा यावर जाणकारांतही घोळ होतो. दोन्ही प्रकारांत सिलिंडर मधल्या पेटीभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे बसवलेले असतात. चार स्ट्रोकच्या चक्रात एक सोडून एक सिलिंडर पेटत असल्यामुळे एका ओळीतील त्यांची संख्याही दोन्हींकडे विषमच, बहुधा ७ किंवा ९, असते. त्यामुळे सिलिंडर मोजून काही हाती लागत नाही. इंजिनात फिरत काय होते, हे शोधावे लागते.

रेडियलमध्ये सिलिंडर जागेवर स्थिर राहतात आणि आतला क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्यांच्या पुढे-मागे हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, विमानाचा पंखा (प्रॉपेलर) फिरवतो. रोटरीत, म्हणजे पहिल्या महायुद्धातील नोम, ल रोन किंवा क्लेर्जे इंजिनांत, क्रँकशाफ्टच विमानाच्या सांगाड्याला जखडलेला असे आणि पेटी, सिलिंडर व पंखा हे सगळे मिळून त्याच्याभोवती गरगरत. इंधन व हवेचे मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून पेटीत येत असल्याने पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारे वंगण लागे, आणि ते एरंडेल असे. एकदा वापरलेले हे तेल धुरासोबत बाहेर फेकले जाई व वैमानिकाच्या अंगावर उडे. लहानपणी ज्यांनी एरंडेल घेतले आहे, त्यांना त्या वैमानिकाच्या हालाचे वर्णन नको. तेल परत गोळा करायचे नसल्यामुळे रोटरीला खाली तेलकुंडी नसते. रेडियलच्या तळाच्या सिलिंडरांमध्ये मात्र ती बहुधा दिसते.

सुटा सिलिंडर असेल तर चुंबक लावून पाहावे. रोटरीचा सिलिंडर बहुतेक वेळा डोक्यासकट पोलादी असतो, तर १९२५ च्या प्रॅट अँड व्हिटनी वास्पसारख्या रेडियलमध्ये पोलादी नळीवर ॲल्युमिनियमचे डोके असते व त्याला चुंबक चिकटत नाही. ही कसोटी अर्थात निर्णायक नव्हे. अँझानीची सुरुवातीची रेडियल इंजिने बिडाच्या सिलिंडरांची होती, आणि बेंटलीच्या रोटरीत सिलिंडरच ॲल्युमिनियमचे होते.

भारतात असा तुकडा मिळाला, तर मी आधी रेडियलकडेच बोट दाखवीन, कारण वायुदलाच्या हार्वर्ड प्रशिक्षण विमानांत वास्प होते आणि डकोटात दोन ओळींचे, १४ सिलिंडरांचे ट्विन वास्प. तरीही शंका उरलीच, तर क्रँकशाफ्टचे पुढचे टोक पाहावे: पंखा किंवा त्याचे दंतचक्र बसवण्यासाठी त्यावर खाचा असतील, तर ते इंजिन रोटरी नव्हे, कारण रोटरीचा पंखा शाफ्टवर नव्हे, तर फिरत्या पेटीच्या नाकावर बसत असे.