लहान पेटी, पण कुठल्या काळचा ॲम्प?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुने स्पीकर बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचे पाहिजेत?" स्पीकरच्या पाठीवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती सोसेल, एवढंच. तो कसा वाजेल हे कळायचं तर पेटी कधीची आहे आणि ती बनवणाऱ्याने तेव्हा मागे कुठला ॲम्प (ॲम्प्लिफायर, स्पीकरला ताकद देणारं यंत्र) धरला होता, हे बघावं लागतं.

१९५० च्या आसपास चांगला आवाज म्हणजे कपाटाएवढी पेटी. घरगुती व्हॉल्व्ह ॲम्पमधून (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) वॅट निघायचे मोजके. १९५३ च्या क्वाड टू या नावाजलेल्या ॲम्पमधूनही १५ च. एवढ्यात दिवाणखाना भरायचा तर पेटी थोड्या वॅटवर जोरात बोलणारी हवी, आणि खर्जही पाहिजे असेल तर ती मोठीच होते.

१९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी हा हिशेब उलटा मांडला. स्पीकरचा कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकू, मुद्दाम सैल टांगायचा, पेटी हवाबंद करायची आणि कोनाला मागे खेचायचं काम आतल्या हवेवर सोपवायचं. त्यांच्या एआर-१ या स्पीकरने फडताळात मावेल एवढ्या पेटीतून खरा खर्ज काढून दाखवला. किंमत मोजली ती वॅटमध्ये. लहान आकार, खोल खर्ज आणि थोड्या वॅटवर मोठा आवाज, या तिघांतले दोनच एका वेळी मिळतात. हे आजही बदललेलं नाही.

मग १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. एका कपाटाची दोन कपाटं कोण घरात ठेवणार? १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर ॲम्प आले, वॅट स्वस्त झाले (१९६७ चा क्वाड ३०३ चॅनलमागे ४५ वॅट देत होता) आणि लहान पेटीचा मार्ग मोकळा झाला.

या घराण्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव, एलएस३/५ए, आलं मात्र बीबीसीकडून. स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत निवेदकाचा आवाज तपासायला लहान, पण खरं बोलणारा स्पीकर हवा होता. १९७० च्या दशकाच्या मध्यात त्यांच्या अभियंत्यांनी जेमतेम ५ लिटरची पेटी तयार केली: केईएफ कंपनीचा बी११० वूफर (खालच्या सुरांसाठी), टी२७ ट्विटर (वरच्या सुरांसाठी), ट्विटरभोवती नमद्याची चौकट, पातळ प्लायच्या भिंती. बनवायचे परवाने रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा अनेक कंपन्यांना मिळाले. माणसाचा आवाज त्यात समोर बसल्यासारखा येतो. तानपुऱ्याची जवारीही येते. डग्गा येतो तो थोडा फसवून. खालचा खर्ज पेटीत नाहीच, त्याच्या वरचा पट्टा जरा उचललेला आहे, म्हणून कानाला भरल्यासारखं वाटतं. मला ही फसवणूक मान्य आहे.

ॲम्प जुळवायची खरी गोम इथे आहे. स्पीकर विजेला किती अडवतो ते ओहममध्ये मोजतात. सुरुवातीचे एलएस३/५ए १५ ओहमचे होते, पुढे ते ११ ओहमचे झाले. ८ ओहमवर ३० वॅट देणारा ट्रान्झिस्टर ॲम्प १५ ओहमवर साधारण १६ च देतो. व्हॉल्व्ह ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरला १६ ओहमची वेगळी तार असेल तर हा तोटा होत नाही, म्हणून ती जोडी आजही खपते. त्यात ही पेटी मुळात ८३ डेसिबलच्या आसपासची, म्हणजे तेवढ्याच वॅटवर हळू वाजणारी. १९७८ च्या यामाहा एनएस-१० एम या स्पीकरचा आकडा ९० च्या घरात आहे. सात डेसिबलची भरपाई म्हणजे सुमारे पाचपट वॅट! दुकानात दोन्ही जोड्या एकाच ॲम्पवर, एकाच ठिकाणी नॉब ठेवून वाजवल्या की यामाहा 'चांगला' वाटणारच. तो फक्त मोठा वाजत असतो. त्याच वर्षीचा एनएडी ३०२० हा ॲम्प कागदावर २० वॅटचा, पण क्षणभर जास्त मागितलं तर देणारा; लहान पेट्यांशी त्याचं म्हणून जमलं.

मुंबईत हे सगळं उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आलं. आयातीवर बंधनं होती. घरोघरी फिलिप्स, कॉस्मिक, सोनोडाइन. बाकी आखातातून परतणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून. त्यामुळे इथल्या जोड्या ठरल्या त्या जे हाती लागलं त्यावरून. थेट जपानातल्या बाजारातला ॲम्प १०० व्होल्टचा असतो. तो स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय (व्होल्ट कमी करणाऱ्या) आपल्या प्लगात घालणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आणि आपली हवा. १९७० च्या दशकातल्या अनेक अमेरिकी पेट्यांच्या कोनाभोवती फोमची कडा असते. दमटपणात ती चिकट होते, मग बोट लावलं की ओल्या बिस्किटासारखी सुटते. बी११० ची कडा रबराची, ती टिकते. हवाबंद पेटी घेताना मी कोन बोटांनी हलकेच आत दाबून सोडतो. सावकाश परत आला तर पेटी अजून हवाबंद आहे. टपकन आला तर कुठेतरी हवा गळते.

माझी व्हिल्चरच्या पद्धतीची अशीच एक अमेरिकी जोडी फोम बदलायला एका कारागिराकडे दिली होती. त्याने कोन दाबून दाखवला. "साहेब, बघा, आता किती टाईट झालंय!" व्हिल्चरने जो कोन मुद्दाम सैल टांगला होता, तो याने जाड फोम लावून आवळून टाकला होता. घरी येऊन एकामागून एक तीन ॲम्प लावून पाहिले. डग्गा काही परत आला नाही.